पैसा आला किती ते सांगू नका. मुरला किती ते बोला!



"मुंबई कोणाची?" हा सवाल १९५५ साली या शहराच्या रस्त्यारस्त्यावर विचारला गेला. पेढ्यांवरच्या मंडळींचे म्हणणे असे की, भांडवल आमचे, म्हणून मुंबई आमची. गिरणगावाचे म्हणणे असे की, घाम आमचा, म्हणून मुंबई आमची! २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळ्या सुटल्या. १९५६ च्या जानेवारीत त्या शहरभर सुटल्या. १०५ हुतात्म्यांची नावे महाराष्ट्राने काळजावर कोरून घेतली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

राज्य मिळाले. पण राज्य म्हणजे नुसते भांडे! त्या भांड्यात काय शिजते आणि ते कोणाच्या ताटात पडते, हा सवाल राज्य मिळाल्याने सुटत नाही. तो तिथून सुरू होतो.

आम्हाला मोठमोठे आकडे ऐकवले जातात. उत्पन्नात महाराष्ट्र देशात पहिला! कारखानदारीत पुढे! मुंबईत पैशाचा पूर! असेल बुवा. आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने आयुष्यभर साच्यावर उभे राहून कापड काढले आणि ज्याच्या अंगात मात्र फाटकी बंडीच राहिली, त्याने हे आकडे ऐकून टाळ्या वाजवायच्या की काही विचारायचे? आमचे म्हणणे, विचारायचे! एखादा प्रदेश सुखी कधी म्हणावा? धडधाकट कधी म्हणावा? त्याची भरभराट पुढच्या पिढीपर्यंत टिकेल हे कशावरून ओळखावे? आजचा अग्रलेख याच सवालावर आहे.

कोकणचा पाऊस आणि कोकणची मनीऑर्डर

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मिरगापासून पाऊस असा कोसळतो की आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते. आणि शिमगा सरला की बायाबापड्या हंडा-कळशी घेऊन डोंगर चढू लागतात! पाऊस कमी पडला? छे! पडला तेवढा वाहून गेला. उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत, खाडीतून दर्यात. उलट तिकडे माणदेशात कोकणच्या पाव हिश्शाइतकाही पाऊस नाही. पण ज्या गावाने बांध घातले, नाले अडवले, त्या गावच्या विहिरीला उन्हाळ्यातही ओल राहते. म्हणजे पाणी पडते किती याला मोल आहेच, पण खरे मोल मुरते किती याला आहे.

पैशाचे अगदी असेच आहे!

शंभर वर्षे कोकणात आणि घाटावर मुंबईची मनीऑर्डर येत होती. पोस्टमनने नोटा मोजायच्या, म्हातारीने अंगठा उमटवायचा. त्यातले काही वाण्याच्या उधारीला गेले, काही सावकाराच्या व्याजाला, काही गणपतीला चाकरमानी येणार म्हणून घर शाकारायला. आणि वाण्याच्या दुकानातले तेल, साबण, काडेपेटी, कापड येत होते कुठून? बहुतेक मुंबईहूनच, बोटीने! म्हणजे रुपया आज गावात आला आणि आठवड्याच्या आत परत मुंबईच्या वाटेला लागला. गावात काय उरले? म्हातारी माणसे, पोरेबाळे आणि पडीक वरकस जमीन. ज्या हातांनी गावात बांध घालायचा, विहीर खणायची, कलम लावायचे, ते हात परळला रातपाळी करीत होते.

मनीऑर्डरला आम्ही नावे ठेवीत नाही. तिने घरे जगवली. आणि गावाचेही गिरणगावावर तेवढेच उपकार आहेत. १९२८ साली सहा महिने संप चालला, तेव्हा किती कामगार गावी गेले! गावच्या भातावर नि नाचणीवर तगले. १९८२ सालीही तेच झाले. युनियनच्या पेटीत काय होते ते सोडा. संपाचा खरा फंड गावच्या कणगीत होता. शहराने गावाला रुपये पाठवले, गावाने शहराला बळ पाठवले. पण बंधूंनो, जगणे वेगळे आणि वाढणे वेगळे. मनीऑर्डरीने गाव जगला, वाढला नाही. कारण पैसा खाण्यापुरता आला, पेरण्यापुरता उरला नाही.

एका गिरणीचा हिशेब

आता गिरणीचा हिशेब मांडू या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. त्यानंतर गिरण्यांची रांगच लागली. या गिरण्यांना काय काय लागले? कापूस लागला, तो वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याने पिकवला. हात लागले, ते कोकणातून, साताऱ्यातून, घाटावरून आले. वीज लागली, तिच्यासाठी सह्याद्रीची खोरी अडवली. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला, तुरुंग भोगले. तरी धरण झालेच. जमीन बुडाली मावळ्याची, दिवा लागला मुंबईत!

कापूस इथला, पाणी इथले, हात इथले. मग इथले नव्हते ते काय? निर्णय! गिरणी चालवायची की बंद करायची, नफा नव्या यंत्रात घालायचा की दुसरीकडे न्यायचा, याचा हुकूम पेढीवर बसलेल्या चार माणसांच्या हाती. मालक कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हा आमचा सवाल नाही. मालक मराठी असता तर त्याने साचा हळू चालवला असता असे थोडेच आहे! सवाल असा आहे की, ज्यांच्या जिवावर धंदा उभा, त्यांना त्या धंद्यात एक शब्द बोलायचा हक्क होता का?

तरीही खरे ते बोलले पाहिजे. गिरणी चालू होती तोवर पगाराचा रुपया गिरणगावात फिरत होता. पगार झाला की खानावळवालीचे पैसे भागायचे. खानावळवाली वाण्याचे द्यायची, वाणी शिंप्याकडे कपडे शिवायचा, शिंपी पोराची फी भरायचा. नाक्यावरचे हॉटेल, न्हावी, भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपतीची वर्गणी, गावच्या मंडळाची खोली, हे सारे त्या एका रुपयावर उभे होते. एका पगाराने चार चुली पेटत. धडधाकट वस्ती म्हणतात ती हीच! पैसा हातातून हातात फिरतो, प्रत्येक हातात थोडी ओल ठेवतो आणि मग पुढे जातो.

१८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांतून बाहेर पडले. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. चूक पुढाऱ्याची की मालकाची की सरकारची, यावर नाक्यानाक्यावर चाळीस वर्षे वाद चालला आहे. तो वाद आज आम्ही उकरत नाही. आम्हाला दुसरेच विचारायचे आहे. एका उद्योगाचा भोंगा बंद पडला आणि सारे गिरणगाव अंधारात गेले, ते कसे? ते असे की, सारी वस्ती एकाच पायावर उभी होती आणि तो पाय दुसऱ्याच्या मालकीचा होता! खानावळ बंद, वाण्याची वही बुडाली, पोरांची शाळा सुटली, घरच्या बाईने भांडी घासली, पापड लाटले, भाजी विकली आणि संसार ओढला. त्या माउल्यांचे उपकार कुठल्या आकड्यात मोजलेले नाहीत.

पुढची गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. बहुतेक मालकांनी चांगल्या वर्षांतला नफा नव्या साच्यांत घातला नव्हताच. मग कापडापेक्षा कापड विणण्याची जागाच महाग झाली! १९९१ च्या नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्यात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले : एक शहराच्या बागा-मैदानांना, एक सामान्यांच्या घरांना आणि एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे, गिरणीच्या इमारतींखालची जमीन त्यातून सुटली! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांच्या अर्थात कामगारांची घरे आणि पोरांची मैदाने गेली. घरासाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज भरले. किल्ली हाती आली ती थोड्यांच्या. अर्ज हातात धरून किती म्हातारे स्मशानात गेले!

एखादा हिशेबनीस म्हणेल, "अहो, त्या जमिनीवर गिरणीच्या काळी निघत नव्हता एवढा पैसा आज निघतो!" निघतो ना! पण तो कोकणच्या पावसासारखा. बुरुजाएवढ्या इमारतीच्या गच्चीवर पडतो आणि नळीतून थेट बाहेर जातो. ज्या जागी बाप जॉबर होता, त्याच जागी पोरगा रखवालदाराचा डगला घालून बारा तास उभा आहे. याला कोणी भरभराट म्हणावे, आम्ही म्हणणार नाही!

जिथे पैसा मुरला

मग पैसा मुरतो तरी कुठे? दाखले आहेत आणि ते आपल्याच मातीतले आहेत.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे-पाटलांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. १९५० साली तो सुरू झाला. शेतकऱ्यांनी बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक मोडून भाग घेतले. ऊस त्यांचा, कारखाना त्यांचा. साखरेचा पैसा तिथेच राहिला म्हणून त्या खेड्यात शाळा झाली, कॉलेज झाले, दवाखाना झाला. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला. पुढे घरोघर माग झाले. कापडाचा धंदा मोठ्या शेटशिवायही चालतो, हे त्या गावाने दाखवून दिले.

पण थांबा! नुसत्या 'सहकार' या शब्दाची पूजा करू नका. त्याच सहकारी कारखान्यांत पुढे काही ठिकाणी काय झाले? भागधारक शेतकरी सभेला हात वर करण्यापुरता राहिला आणि खुर्ची बापाकडून लेकाकडे, लेकाकडून नातवाकडे गेली. कारखाने डबघाईला आले आणि कवडीमोलाने खाजगी मालकांच्या घशात गेले. दुष्काळी मुलखात उसाने विहिरी उपसून काढल्या. आणि तो ऊस तोडायला बीडचा माणूस बायकापोरांसह, कोयता खांद्यावर टाकून, सहा सहा महिने घर सोडून येतो. त्याचा पैसा कुठे मुरतो? इचलकरंजीने कापड काढले, पण रंगाचे नि रसायनांचे पाणी पंचगंगेत सोडले. खालच्या गावाने तेच पाणी प्यायचे. मुंबईचे साचे भिवंडीला गेले म्हणतात. गेले खरे, पण आठ तासांची पाळी, प्रॉव्हिडंट फंड, हजेरीचे कार्ड मुंबईतच राहिले! तिथे बारा बारा तास माग चालतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मिळवून दिलेली रविवारची सुटी विचारायची कोणाला?

म्हणजे धंदा आला एवढ्याने भागत नाही. हातात काय पडते, शरीर किती झिजते, नदी शिल्लक राहते की नाही, हे सारे त्या हिशेबात धरावे लागते. बी-बियाणे खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी एक वर्ष दिवाळी होते. दुसऱ्या वर्षी काय?

पगारातला काप आणि पाझर तलाव

आणखी एक दाखला सांगतो. तो तुमचाच आहे. पण तुम्हाला कोणी सांगितला नसेल.

१९७२ साली महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लाखो माणसे आली. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली : जो काम मागेल त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे. पण पैसा कुठून? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदाराच्या पगारातून महिन्याला थोडी रक्कम कापायची आणि ती रोजगार हमीला द्यायची, तेवढीच सरकारने घालायची. १९७७ साली हमीचा कायदा झाला. पुढे २००५ साली केंद्र सरकारलाही देशासाठी असा कायदा करावा लागला.

पगाराच्या चिठ्ठीवरचा तो काप पाहून तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या असतील. पण त्या पैशातून काय झाले? मराठवाड्यात, माणदेशात पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, विहिरी झाल्या. परळच्या पगारदाराचा रुपया दुष्काळी गावात गेला, तिथल्या बाईच्या हाती मजुरी म्हणून पडला आणि जमिनीत पाणी होऊन मुरला! ही मनीऑर्डर नव्हे. मनीऑर्डर आपल्या घरापुरती असते. ही साऱ्या प्रदेशाची मनीऑर्डर होती आणि ती खाण्यासाठीही होती, पेरण्यासाठीही होती. एक प्रदेश म्हणजे एक कुटुंब, हे भाषणात सारेच म्हणतात. त्या कायद्याने ते हिशेबाच्या वहीत लिहिले.

आता आरशात बघू या

दिल्लीला आणि मलबार हिलला सवाल विचारणे सोपे आहे. तोच सवाल वऱ्हाडचा शेतकरी आम्हाला विचारतो, तेव्हा आमची मान खाली जाते. १९५३ साली नागपूर करार झाला, विदर्भाला न्याय देऊ असे वचन दिले. १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखवला. १९९४ साली विकास मंडळे नेमली. कागद झाले, पण कापूस? कापूस पिकतो यवतमाळात आणि त्याच्या सुतावरचा, कापडावरचा, शिलाईवरचा नफा बहुतेक दुसरीकडेच जातो. आणि त्या कापसाच्या कर्जापायी शेतकरी गळ्याला फास लावतो. ज्याच्या कापसावर आमची गिरणी चालली तो मरत असताना महाराष्ट्र सुखी कसा? डोके हंड्याएवढे आणि हातपाय काडीएवढे असले, तर त्या पोराला आई धडधाकट म्हणेल का? वैद्याकडे नेईल!

कोणी विचारील, "या साऱ्यात भाषेचे काय काम?" आहे! ज्या कागदावर अंगठा उठवायचा तो कागद ज्याला वाचता येत नाही, त्याचा पैसा कधी मुरत नाही. गिरणीतली नोटीस, बँकेचा फॉर्म, करारनामा, घराचा अर्ज, कोर्टाचा निकाल, हे ज्या भाषेत असेल त्या भाषेवाल्याचे राज्य! १९६४ साली मराठी राजभाषा झाली. पण कामगाराच्या भाकरीचा फैसला ज्या कागदावर होतो तो कागद अजून किती ठिकाणी परक्या भाषेत निघतो! भाषेचे राज्य आम्ही मागितले ते इतरांना हाकलायला नव्हे. सोलापूरचा तेलुगू पद्मशाली, मालेगाव-भिवंडीचा मोमीन विणकर, उत्तरेतून आलेला मागवाला, जो या मातीत घाम गाळतो तो या मातीचा. त्यालाही कागद समजला पाहिजे, त्यालाही आठ तासांची पाळी पाहिजे. कामगार कामगाराशी भांडला की पैसा कुणाच्या ओसरीला वाहून जातो, हे गिरणगावाला शिकवायला नको.

पाच सवाल

तेव्हा सभेत, नाक्यावर, मत मागायला येणाऱ्याच्या तोंडावर पाच सवाल टाका.

पहिला : इथे कमावलेला रुपया इथल्या किती हातांतून फिरून बाहेर जातो?

दुसरा : धंदा बंद करायचा की चालवायचा, हे ठरवताना त्यात राबणाऱ्याला मत आहे की नाही?

तिसरा : सारे गाव एकाच धंद्याच्या पायावर उभे आहे की दुसरा पाय आहे?

चौथा : आज नफा देणारा धंदा उद्याची नदी, जमीन आणि कामगाराची छाती शाबूत ठेवतो की खाऊन टाकतो?

पाचवा : राजधानीत जे पिकते त्यातले दुष्काळी तालुक्यात किती पेरले जाते?

या पाच सवालांना धड उत्तर देतो तो आपला. जो नुसते कोटींचे आकडे फेकतो, त्याला सांगा : "साहेब, पाऊस किती पडला ते आम्हाला दिसतंय. विहिरीला पाणी किती आलं ते बोला!"

आणि सवाल विचारून घरी झोपू नका. चाळीत, वाडीत पतपेढी असेल तर तिचे भागधारक व्हा, तिच्या सभेला जा, हिशेब तपासा. घराचा अर्ज एकट्याने घेऊन फिरू नका, जमावाने जा. गावच्या मंडळाची वर्गणी देवळाच्या कळसाबरोबर गावच्या बांधालाही द्या. भिवंडीत, इचलकरंजीत बारा तास उभ्या असलेल्या भावाची युनियन आपली माना. कारण बांध एकट्याने घालता येत नाही. तो गावाने घालायचा असतो.

१०५ जणांनी रक्त सांडले ते नकाशावरच्या रेघेसाठी नव्हे. त्या रेघेच्या आत पडलेला थेंब न् थेंब आपल्या माणसांच्या विहिरीत मुरावा म्हणून! राज्याची रेघ त्यांनी आखून दिली. त्या राज्यात बांध घालायचे काम तुमचे-आमचे आहे आणि ते बाकी आहे.

जय महाराष्ट्र!